सममितीचे काम आणि ओळखीचे काम



चेहरा देखणा कशाने होतो, असे विचारले की हल्ली उत्तर तयार असते : डावी आणि उजवी बाजू सारखी असल्याने. मोबाइलमधली ॲप्स तर चेहऱ्याच्या सममितीला गुणही देतात. माझे म्हणणे एवढेच आहे की सममिती डोळ्यांना ‘इथे काहीतरी आहे’ असे सांगते. ‘हा अमुक माणूस आहे’ हे ती सांगत नाही. या दोन कामांची गल्लत झाली की संशोधन भरकटते आणि तपासणीही अपुरी राहते.

सममिती किती सहज नजरेत भरते, विशेषतः अक्ष उभा असताना, हे एर्न्स्ट माखने एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवले होते. पण मला अधिक बोलका वाटतो तो १९९२ साली ड्रायव्हर, बेलिस आणि रॅफल यांनी तपासलेला रुग्ण. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्याचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नसे. आकृती सममित आहे का, असे थेट विचारले की त्याचे उत्तर निव्वळ अंदाजपंचे. मात्र चित्रातला कोणता भाग पुढे दिसतो, एवढेच विचारले तर तो आपल्यासारखाच सममित भागाकडे बोट दाखवी. म्हणजे अवधान पोहोचण्याआधीच सममितीने आकृती आणि पार्श्वभूमी वेगळी केली होती, त्याला पत्ता न लागता.

आता चेहऱ्याकडे वळू. फोटो उलटा धरा. डावी-उजवी सममिती तसूभरही बदलत नाही; तरी ओळख कोलमडते, आणि घरे किंवा विमाने ओळखण्यापेक्षा कितीतरी जास्त कोलमडते, हे रॉबर्ट यिन यांनी १९६९ मध्ये दाखवले. फोटोची निगेटिव्ह घेतली तरी तेच : भूमिती शाबूत, ओळख डळमळीत. शिवाय रोजच्या व्यवहारात समोरचा माणूस नाकासमोर बघत थोडाच उभा असतो? मान वळली की डोळ्यांवरच्या प्रतिमेतली सममिती गेलीच, पण आपण त्याला ओळखतोच.

यावर आक्षेप येतो की लोकांना सममित चेहरे अधिक आवडतात, हे प्रयोगांनी दाखवले आहे. दाखवले आहे, मान्य. पण आवड म्हणजे ओळख नव्हे. आणि आवडीचेही सगळे श्रेय सममितीला देता येत नाही. अनेक चेहऱ्यांच्या सरासरीतून केलेला चेहरा लोकांना आवडतो, आणि पुढे एका बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्यांवरही तेच आढळले. तिथे सममिती दिसतच नाही.

मग ओळख कशावर उभी असते? डोळे, नाक, ओठ यांच्यातल्या बारीक अंतरांचा त्यात मोठा वाटा आहे. ले ग्रँड, मॉन्डलॉक, मॉरर आणि ब्रेंट यांनी २००१ मध्ये जन्मजात मोतीबिंदू असलेल्यांची तपासणी प्रसिद्ध केली. शस्त्रक्रिया पहिल्या काही महिन्यांतच झाली होती. अनेक वर्षांनंतरही डोळ्यांचा किंवा ओठांचा आकार बदललेला त्यांना कळे. अंतरे बदलली की ती मंडळी अडखळत. पवन सिन्हा यांच्या प्रोजेक्ट प्रकाशने भारतातल्या उशिरा दृष्टी मिळालेल्या मुलांवर केलेले काम मात्र निराशा थोडी कमी करते : चेहरा आणि चेहरा नसलेली वस्तू यांत फरक करायला ही मुले हळूहळू शिकतात.

म्हणून सभेतल्या नेत्रतज्ज्ञांना माझी विनंती आहे : शस्त्रक्रियेनंतर मूल तक्त्यावरची शेवटची ओळ वाचू लागले म्हणून कागद मिटू नका. त्याला चेहऱ्यांच्या जोड्याही दाखवा, आणि कुठे चुकते ते नोंदवून ठेवा.