घराण्याचा वारसा आणि घरचा डॉक्टर
(उपनगर शाखेच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आम्ही वैद्य नव्हे. आमचे आयुष्य फळ्याजवळ गेले. रोगचिकित्सेवर अधिकारवाणीने बोलण्याचा हक्क आम्हांस नाही. तथापि जी गोष्ट अपूर्णांकांच्या गणिताइतकी सोपी असून केवळ कोणी न सांगितल्यामुळे घरोघरी अनर्थ करते, ती समजावून देणे हे शिक्षकाचेच काम होय.

"त्यांच्या घराण्यात पुरुषांना आयुष्य कमी," हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. आजोबा पंचेचाळिशीत गेले, काका अठ्ठेचाळिशीत गेले. आपण त्यास दैव म्हणून मोकळे होतो. अशा काही घराण्यांपुरते तरी या दैवास आता नाव मिळाले आहे. ते नाव म्हणजे कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉलता.

कोलेस्टेरॉल हा शरीरास अवश्य असा मेणासारखा पदार्थ आहे. तो रक्तातून वाहून नेणारे एल. डी. एल. नावाचे कण यकृताने उचलून घ्यावयाचे असतात. त्यांना पकडणारे 'ग्राहक' यकृताच्या पेशींवर असतात. हे ग्राहक घडविणारे जनुक सदोष असले, म्हणजे ते कण रक्तात साचतात आणि अगदी बालपणापासून रोहिण्यांच्या भिंतींत थर बसू लागतो. हे कोडे उलगडणाऱ्या ब्राउन व गोल्डस्टीन या अमेरिकन संशोधकांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या मुंबईतही माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांनी भारतीय रुग्णांतील असे जनुकदोष शोधून २००० साली प्रसिद्ध केले.

आता गणित पाहू. जगात सुमारे अडीचशे ते तीनशे माणसांत एकास हा दोष असतो. बोरिवलीहून सकाळी चर्चगेटकडे निघालेल्या भरगच्च गाडीत काही हजार माणसे असतात. त्यांत असे दहा-पंधरा जण सहज असावेत, आणि त्यांपैकी बहुतेकांना त्याची वार्ता नसावी. आई किंवा बाप यांपैकी एकात दोष असेल, तर प्रत्येक अपत्यास तो मिळण्याचा संभव निम्मा. मुलगा-मुलगी हा भेद येथे नाही. उपचार न झाल्यास अशा पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना पन्नाशीपर्यंत, आणि स्त्रियांपैकी सुमारे तीस टक्क्यांना साठीपर्यंत हृदयविकार गाठतो. आणि हा मनुष्य लठ्ठच असेल असे नाही. सडपातळ, शाकाहारी, निर्व्यसनी माणसातही हा दोष असू शकतो; म्हणून अंगकाठीवरून निर्धास्त राहू नये.

मग तो ओळखावा कोणी? आमचे उत्तर असे की, घरच्या डॉक्टराने. त्यास मोठ्या यंत्राची आवश्यकता नाही. साधी रक्ततपासणी पुरते. प्रौढ माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात एल. डी. एल. १९० मिलिग्रॅम वा अधिक आढळले, की शंका घ्यावी. थायरॉइडची मंदता, मूत्रपिंडाचा विकार अशी अन्य कारणे नाहीत ना, हे डॉक्टर पाहतात. टाचेमागच्या कंडरेवर किंवा बोटांच्या सांध्यांवर गाठी आहेत काय, पंचेचाळिशीपूर्वीच बुबुळाभोवती पांढुरके कडे आले आहे काय, हे ते न्याहाळतात. आणि सर्वांत मोलाचा प्रश्न विचारतात: "घरात कोणास लवकर हृदयविकार झाला होता?"

इंग्लंडमध्ये बहुतेक नागरिकांची नोंद त्यांच्या डॉक्टराकडे असते. तेथील २०१७ च्या मार्गदर्शनात, या नोंदी चाळून अतिशय वाढलेले कोलेस्टेरॉल असणारी माणसे हुडकावीत, असे सांगितले आहे. आपल्या उपनगरांत तशी सोय नाही. आज अंधेरीचा डॉक्टर, उद्या मुलुंडचा. तपासणीचे कागद कपाटावरील पिशवीत! तेव्हा ही वही आपणच ठेवली पाहिजे. कोण, कोणत्या वयात, कशाने गेले, हे प्रत्येक घराने एका पानावर लिहावे आणि ते पान डॉक्टरांपुढे ठेवावे. एकात दोष सापडला, की त्याचे आईवडील, भावंडे व मुले यांचे रक्त तपासावे. एका दिव्याने दुसरा लावावा, तसे हे काम चालते.

येथे आम्ही एका नाजूक विषयास हात घालतो. मुलीचे लग्न व्हावयाचे आहे, म्हणून आजार लपविण्याची रीत आपल्यांत आहे. परंतु आपण ज्ञातीतच, पुष्कळदा मामाच्या मुलीशीही, विवाह करतो. वधू-वर दोघांतही हा दोष असल्यास प्रत्येक अपत्यास दोन्हीकडून तो मिळण्याचा संभव एकचतुर्थांश असतो. आणि अशा मुलास बालवयातच हृदयविकार जडू शकतो. लपविलेल्या गोष्टीचे मोल नातवंडांनी द्यावे, हे कोणत्या धर्मात बसते? जाणत्याने मोकळेपणाने सांगितलेला दोष हा कुळाचा डाग नव्हे. तो सांगणारास दूषण देणारे घरच स्थळ म्हणून कमी प्रतीचे समजावे.

बरे, कळून उपयोग काय? उपयोग मोठा आहे. जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरशा तपासून १९७३ मध्ये एका बुरशीतून जे द्रव्य मिळविले, त्यातून पुढे स्टॅटिन औषधे आली. ती आज कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि बहुधा जन्मभर घ्यावी लागतात. बरे वाटते म्हणून मध्येच सोडावयाची नाहीत. गर्भधारणेचा विचार करणाऱ्या भगिनींनी मात्र आधी डॉक्टरांस अवश्य विचारावे. वेळीच आरंभ केला, तर अशा माणसास इतरांसारखे आयुष्य लाभण्याची चांगली आशा असते.

आपली संस्था वधुवरांची यादी ठेवते, विद्यार्थ्यांना पुस्तके देते. तिने या संमेलनाच्या दिवशी वर्षातून एकदा रक्ततपासणीही ठेवावी, आणि निकाल ज्याचा त्याच्याच हाती द्यावा, ही आमची विनंती आहे. वडिलांकडून घर मिळते, नाव मिळते; त्याबरोबर आणखी काय मिळाले, तेही पाहून घ्यावे.