११२ गोण्यांचा हिशेब

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'सोसायटीच्या आठवणी' सांगा म्हणून उभं केलंय. पण आठवणी सांगणारे पुष्कळ आहेत. मी बाथरूम फोडल्याची गोष्ट सांगणार आहे. हसू नका, ती आपल्या सगळ्यांची आहे.

गेल्या वर्षी सौभाग्यवतींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, बाथरूमचा उंबरठा काढा, कमोड उंच करा, भिंतीला आधाराची दांडी लावा. म्हटलं, करायचंच तर एकदाच करू. कंत्राटदार आला, भिंतीवर टकटक करून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, वरवर काही उपयोग नाही, पार स्लॅबपर्यंत फोडावं लागेल."

फोडायला लागल्यावर कळलं, आपण पंचवीस वर्षं कशावर उभे होतो. टाइलखाली सिमेंटचा थर, त्याखाली फूटभर विटांच्या तुकड्यांचा भराव, आणि तो ओला! जस्ताचे पाइप आतून गंजून भोक पेन्सिलीएवढं उरलेलं. नळाला धार नाही म्हणून मी इतकी वर्षं वॉचमनला पंप नीट चालव म्हणून ओरडत होतो. त्याची आज इथे जाहीर माफी मागतो.

तिसऱ्या दिवशी ब्रेकर लावला. लावू नका असं मी म्हणायला हवं होतं, कारण भरावाखाली स्लॅब केवढासा असतो हे आता मला माहीत आहे. शेवटचा थर छन्नी-हातोड्यानेच काढायचा असतो. पण वेळ वाचतो म्हणून मी गप्प बसलो. अर्ध्या तासात खालच्या वहिनींची बेल. त्यांच्या बाथरूमच्या छताचा गिलावा ताटाएवढा खाली आला होता. पाचच मिनिटांपूर्वी त्या आंघोळ करून बाहेर पडल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या दारात उभ्या राहिल्या, ओल्या केसांत पांढरी धूळ. मी गिलावा करून दिला, रंग दिला. तरी ती धूळ अजून मला दिसते.

असो. आता मुख्य हिशेब.

फोडलेला माल गोण्यांत भरायला यादगीरकडचं एक जोडपं होतं. लिफ्ट सहा माणसांची, म्हणजे ४०८ किलोची. राडारोडा लिफ्टने न्यायचा नाही हा आपला नियम. त्यामुळे सगळ्या गोण्या डोक्यावरून, तीन मजले जिन्याने. बँकेतली सवय, मी दारात खुर्ची टाकून वहीत रेघा मारत बसलो. बाथरूम आणि स्वयंपाकघराचा जुना ओटा मिळून ११२ गोण्या भरल्या. एक गोणी ३५ किलो धरली तरी चार टनांच्या आसपास. दुपारी त्या बाईला चहा दिला तेव्हा तिने विचारलं, "हे सगळं जातं कुठं, साहेब?" मी म्हटलं, "टेम्पोत." ती हसली. उत्तर चुकलं होतं हे माझ्या ध्यानात आलं नाही.

पंधरा दिवसांनी सकाळी फिरायला मागच्या ओढ्याकडे गेलो. काठावर ढीग, आणि ढिगाच्या माथ्यावर निळ्या फुलांची टाइल. माझीच! दोन माझ्या खिळ्यांच्या भोकांसकट. साबणाची जाळी मीच ठोकली होती ना.

कंत्राटदाराला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "सगळे तिथेच टाकतात." मग मी खाली वाकून बघायला लागलो. आणि मित्रहो, तिथे माझ्या एकट्याच्या टाइल नव्हत्या. निळी फुलं म्हणजे आपली 'ए' विंग. तपकिरी पट्टी म्हणजे 'बी' विंग. बिल्डरने सगळ्यांना एकेकच नमुना दिला होता, आठवतंय का? गवतात खोल रुतलेल्या, शेवाळ धरलेल्या, थरावर थर. कोणी २०१० साली नूतनीकरण केलं असेल, कोणी करोनानंतर. आपली सोसायटी तिथे पडली होती.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते पुण्यात कोणाला सांगायला नको. आपला ओढा लहान आहे, पण पलीकडच्या काठावर पाच-सहा घरं आहेत आणि प्रत्येक पावसाळ्यात पाणी त्यांच्या पायरीला लागतं. ते माझ्या गोण्यांमुळे, असं मी म्हणत नाही. पण पात्र जितकं अरुंद झालंय, त्यात माझेही चार टन जमा आहेत.

दुसरा टेम्पो करून जेवढा उचलता आला तेवढा माल वाघोलीच्या महापालिकेच्या प्रकल्पाकडे पाठवला. खर्चाचं राहू द्या. पण उचलून झाल्या मोजून ४७ गोण्या. बाकीच्या दुसऱ्यांच्या राडारोड्याखाली गेल्या होत्या. ६५ गोण्या अजून तिथेच आहेत.

घरी येऊन जुनी फाइल काढली. मी नऊ वर्षं खजिनदार होतो. नूतनीकरणाच्या परवानगीचं पत्र माझ्याच हातचं: दहा हजार अनामत, दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद, आणि "राडारोडा तीन दिवसांत गेटबाहेर न्यावा." गेटबाहेर! हे शब्द मी लिहिले. गेटबाहेर कुठे, हे मला नऊ वर्षांत एकदाही सुचलं नाही. केंद्राचे नियम २०१६ पासून आहेत. राडारोडा ज्याचा, त्यानेच तो वेगळा ठेवून ठरल्या जागी पोचवायचा. ओढ्या-नाल्यात टाकायचा नाही. आम्ही मात्र जिना झाडून घेतला की अनामत परत करत होतो.

तेव्हा येत्या वार्षिक सभेसाठी मी सचिवांकडे एका ओळीचा विषय दिला आहे: माल पोचल्याची पावती दाखवल्याशिवाय अनामत परत नाही. विरोध करणाऱ्यांनी जरूर करावा, मी उत्तर द्यायला येईन.

आणि आता, ज्यांच्या बाथरूमला अजून निळी फुलं किंवा तपकिरी पट्टी आहे त्यांनी जरा हात वर करा. वही आणलीय, नावं लिहून घेतो.