बारा फोटोंचा रोल

(गणेशोत्सवातील छंदविषयक कार्यक्रमात मंडळाच्या एका सभासदाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)





सेक्रेटरींनी मला वीस मिनिटे दिली आहेत आणि त्यानंतर जेवण आहे. त्यामुळे वेळ पाळण्यात माझेही हित आहे, तुमचेही.

आज इथे बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात चांगला कॅमेरा आहे. मग हा गृहस्थ अजून फिल्मचा रोल का घालतो, तोही बारा फोटोंचा? हा प्रश्न मला घरी दर दिवाळीला विचारला जातो. त्याचे उत्तर आज जाहीरपणे देतो, म्हणजे घरी पुन्हा द्यावे लागणार नाही.

ज्याला 'मीडियम फॉरमॅट' म्हणतात, त्यात १२० नंबरचा रोल लागतो. हा रोल कोडॅक कंपनीने १९०१ मध्ये काढला आणि तो आजही बनतो. सुमारे सहा सेंटिमीटर रुंदीची फिल्म, कडेला भोके नाहीत, पाठीमागे कागद. नाव नवे वाटले, तरी तुमच्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांचे लहानपणचे फोटो याच रोलवर निघाले असतील. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला आग्फाचा 'क्लिक थ्री' आठवतो का? त्यात हाच रोल बसायचा. मागच्या लाल खिडकीतून आकडा बघत रोल फिरवायचा. काळापांढरा रोल आपल्याकडेही बनत असे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा 'इंदू' तो हाच. पुढे तो कारखाना बंद पडला.

आता थोडे गणित. इथे निम्मे लोक टूलरूमचे आणि क्वालिटीचे आहेत, त्यामुळे माफी मागत नाही. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चौकट मिळते २४ बाय ३६ मिलिमीटरची. १२० च्या रोलवर चौकोनी चौकट मिळते साधारण ५६ बाय ५६ ची. क्षेत्रफळ साडेतीन पटींहून जास्त झाले. बारा इंची चौकोनी प्रिंट काढायची तर ३५ ची निगेटिव्ह पावणेतेरा पट ताणावी लागते. १२० ची साडेपाच पट ताणली की काम होते. कापड जितके कमी ताणाल तितकी वीण कमी उसवते. फोटोचेही तसेच आहे. आणखी एक गंमत म्हणजे आज 'मीडियम फॉरमॅट' म्हणून जे महागडे डिजिटल कॅमेरे विकले जातात, त्यांतल्या बऱ्याच जणांचा सेन्सर ४४ बाय ३३ मिलिमीटरचा असतो. म्हणजे जुन्या फिल्मच्या सर्वांत लहान चौकटीपेक्षाही लहान.

कारण रोल एकच असला तरी चौकटी अनेक आहेत. सहा बाय साडेचार घेतली तर पंधरा-सोळा फोटो येतात. सहा बाय सहात बारा, सहा बाय सातात दहा, आणि सहा बाय नऊमध्ये फक्त आठ. चौकट मोठी केली की फोटो कमी होतात आणि कॅमेरा जड होतो. मामिया आरबी ६७ हा स्टुडिओवाल्यांचा आवडता कॅमेरा. त्याची पाठ फिरवली की आडव्याचा उभा फोटो होतो, कॅमेरा फिरवावा लागत नाही. पण लेन्ससकट वजन अडीच किलोच्या आसपास. नंदी हिल्सला तो घेऊन जायचा तर एक पुतण्या बरोबर लागतो.

मग निवडायचे कसे? तरुण मंडळी मला विचारतात, "काका, कुठला कॅमेरा घेऊ?" मी त्यांना उलट तीन गोष्टी विचारतो. समोर कोण आहे? तो माणूस किती वेळ थांबणार आहे? आणि फोटो शेवटी कुठे लागणार आहे? विसर्जनाची मिरवणूक असेल तर मोबाईल किंवा ३५ चा कॅमेरा घ्या. ढोलवाला तुमच्यासाठी थांबणार नाही. प्रवासात, हातात धरून काढायचे असेल तर सहा बाय साडेचार पुरे. भिंतीवर मोठा निसर्ग लावायचा असेल आणि तिपाई न्यायची तयारी असेल तर सहा बाय सात. आणि माणूस समोर बसवून, त्याच्याशी बोलत फोटो काढायचा असेल तर माझे मत सहा बाय सहाला.

यातले दोन भिंगांचे कॅमेरे, म्हणजे रोलीफ्लेक्स, यशिका, तुम्ही जुन्या स्टुडिओत पाहिले असतील. पहिला रोलीफ्लेक्स १९२९ चा. हा कॅमेरा पोटाशी धरायचा आणि वरून काचेत बघायचे. चित्र डावी-उजवीकडे उलटे दिसते, त्याची सवय करावी लागते. पण एक मोठा फायदा असा की तुमचा चेहरा कॅमेऱ्याआड लपत नाही. आपण मान खाली घालतो, वर बघतो, दोन शब्द बोलतो, पुन्हा मान खाली घालतो. समोरच्याला कोणी आपल्यावर नेम धरल्यासारखे वाटत नाही. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी दिल्लीत वर्षानुवर्षे वृत्तछायाचित्रण केले, त्यात मोठ्या स्पीड ग्राफिकबरोबर रोलीफ्लेक्सही होता. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

मोजके फोटो काढावे लागणे ही अडचण वाटते. त्यावर आपल्या पुण्यातला एक प्रसंग सांगतो. १९४६ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचा चरख्याजवळचा फोटो काढायला पुण्यात आल्या. त्यांना आधी सूत कातायला शिका असे सांगण्यात आले. मग फक्त तीन फ्लॅशबल्ब वापरायची परवानगी मिळाली. पहिला फुकट गेला. दुसऱ्या वेळी फिल्मपुढची स्लाइड ओढायची राहिली. तिसरा साधला. आपण सगळ्यांनी पाहिलेला तो फोटो असा निघाला. पुढच्या काळातल्या हॅसलब्लाडमध्ये तर स्लाइड काढल्याशिवाय बटण दबतच नाही. आपल्या भाषेत याला पोका-योके म्हणतात.

आता आपल्या मंडळाकडे येतो. काही वर्षांपूर्वी कार्यकारिणीत ठरले की या भागात सुरुवातीला आलेल्या कुटुंबांतल्या ज्येष्ठांचे फोटो काढून ठेवावेत. मी रोलवर काढतो म्हटले. एक सभासद म्हणाले, "अहो, मोबाईलवर अर्ध्या तासात उरकेल." त्यांचे खरेच होते, उरकले असते. पण ज्येष्ठ होते अकरा, आणि रोलमध्ये जागा बारा. एकेकाला एक फोटो आणि एक राखीव. हे ऐकल्यावर सगळे एकदम तयार झाले.

रविवारी सकाळी हॉलच्या उत्तरेकडच्या खिडकीशी खुर्ची मांडली. मिरजेहून मुलाकडे राहायला आलेल्या एक काकू नऊवारी नेसून आल्या. "एकच काढणार ना? मग नीट सांगा, हात कुठे ठेवू," म्हणाल्या. किर्लोस्करवाडीला नोकरी केलेल्या एका आजोबांनी खिशातून मायक्रोमीटर काढला आणि तो हातात धरूनच फोटो काढायला लावला. प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटे लागली. त्यातले शटर उघडे राहिले सेकंदाचा तिसावा भाग. बाकी वेळ गप्पांत गेला. कोण कुठून आले, इथे पहिल्यांदा गव्हाचे पीठ कुठे दळून मिळायचे, होसूर रोडवर तेव्हा काय होते. राखीव फोटो एका काकांना लागला, त्यांनी डोळे मिटले होते.

त्या अकरांपैकी दोघे आज आपल्यात नाहीत. मिरजेच्या काकू त्यातल्या एक. त्यांच्या मुलाने मोठा फोटो मागितला, तेव्हा निगेटिव्हवरून सोळा इंची प्रिंट काढली. नऊवारीच्या काठाची वीण मोजता येते. मंडळाच्या कार्यक्रमांचे त्या काळातले तीन वर्षांचे डिजिटल फोटो मात्र हार्ड डिस्क बिघडली तेव्हा गेले. डिजिटल वाईट असे मी म्हणत नाही. दुसरी प्रत ठेवली असती तर तेही राहिले असते. निगेटिव्हलाही ओल लागली की बुरशी खाते. जपणूक दोन्हीकडे लागते.

खर्चाचे स्पष्ट सांगतो. रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून हजाराच्या पुढे जाते. म्हणजे एका फोटोला शंभर रुपये धरा. रोल शहरात द्यायला जाणे मात्र सोपे झाले आहे. ऑगस्ट २०२५ पासून बोम्मसंद्र्याहून आर. व्ही. रोडपर्यंत मेट्रो धावते. पूर्वी सिल्क बोर्डाच्या चौकात अडकून अर्धा दिवस जात असे. जुना कॅमेरा घेणार असाल तर भिंगातून उजेडाकडे बघा, बुरशीचे जाळे दिसले तर घेऊ नका. शटर एक सेकंदावर लावून कानाने ऐका. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

शेवटी दोन विनंत्या. दिवाळीला गावी जाल, तेव्हा माळ्यावरचे बिस्किटांचे जुने डबे उघडून बघा. त्यात चौकोनी निगेटिव्ह असतील तर टाकू नका. कडेने धरा, स्वच्छ कागदी पाकिटात घाला, पाकिटावर पेन्सिलीने नाव-गाव लिहा आणि माझ्याकडे आणा. स्कॅन मी करून देईन. आणि दुसरी, पुढच्या वर्षीच्या ज्येष्ठांची यादी सेक्रेटरींकडे द्या. बारा नावेच हवीत असे नाही. तेरावे नाव आले तर दुसरा रोल घालू.

 चला, पाने मांडली आहेत.