दिवा किती वेळा लुकलुकला?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार शब्द बोला, असा निरोप आला तेव्हा मी साफ नाही म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि व्यासपीठावर मी हळदीकुंकवाच्या वाणाखेरीज कधी चढले नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या एसीची हकीकत सांगा, पुष्कळजणींच्या उपयोगी पडेल." म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

आमच्या सासूबाईंना उन्हाने दोनदा घेरी आली. वरचा स्लॅब तापला की दुपारी त्यांना निजवत नसे. म्हणून शिरवळला कारखान्यात असलेल्या थोरल्याने हप्त्यांवर एसी आणला. गंमत अशी की हे यंत्र माणसांसाठी निघालेच नव्हते. १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिनच्या छापखान्यात दमट हवेने कागद कमीजास्त होई व रंग जुळत नसत, म्हणून विलिस कॅरियर नावाच्या इंजिनियरने ते योजिले. कागदासाठी निघालेले यंत्र आमच्या सासूबाईंच्या कामी आले!

आठवडाभरातच ते रात्री दोनला आपोआप बंद पडू लागले. अंगावर एक दिवा लागलेला दिसे. दुरुस्तीवाला आला, रिमोटचे एक बटण दाबले आणि तीनशे रुपये घेऊन गेला. तो दिवा टायमरचा. रिमोट सासूबाईंच्या उशाखाली असे, तिथेच बटण दाबले जाई. दिवा स्थिर लागला म्हणजे बिघाड असेलच असे नाही, हे ज्ञान तीनशेला पडले.

पुढे मे महिन्यात तोच दिवा लुकलुकू लागला आणि गार हवा थांबली. दुरुस्तीवाल्याने पाहताक्षणी सांगितले, "कार्ड गेले, साडेसहा हजार." आमच्या ह्यांनी भाताच्या बियाण्यासाठी ठेवलेल्या पैशांना हात घातला. तेव्हा मी म्हटले, एक रात्र थांबा. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका मी रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवली होती. इंग्रजी मला येत नाही, ती धाकट्या मुलीने वाचली. मागच्या पानावर कोष्टक होते, इतक्या वेळा लुकलुकला तर अमुक बिघाड. मी जपमाळ मोजावी तशी मोजणी केली. पाच वेळा लुकलुके, थांबे, पुन्हा पाच. तीनदा मोजून कागदावर लिहिले. पाचासमोर लिहिले होते की विजेचा दाब कमी.

मग डोक्यात प्रकाश पडला. चार दिवस मिक्सर चटणी वाटत नव्हता, पंखाही रडत फिरत होता. शेजारच्या वहिनींकडे जाऊन पाहिले, तर त्यांचा पंखा भरधाव! म्हणजे खोड आमच्याच तारेत. वीज कचेरीत अर्ज दिला. माणूस खांबावर चढला, तिथला सैल झालेला जोड त्याने आवळला. भाटघरचे वीजघर इतके जवळ, आणि आमच्या दारातच वीज अडखळत होती. त्यानंतर दिवा लुकलुकला नाही. बियाण्याचे पैसे बियाण्यालाच गेले.

एक मात्र ध्यानात ठेवा. माझे पाच ते तुमचे पाच नव्हेत. प्रत्येक कंपनीचे कोष्टक निराळे, म्हणून शेजारणीची पुस्तिका आपल्या यंत्राला लावू नका. वीज जाऊन आली की दिवा लागतो, पण गार हवा सुमारे तीन मिनिटे येत नाही. तो बिघाड नव्हे. आतल्या गॅसचा दाब बसावा लागतो, कुकरची वाफ जिरल्याखेरीज आपण झाकण काढतो का? काही यंत्रांत जाळी धुण्याची आठवण देणारा दिवा असतो. तो तास मोजून लागतो, जाळी पाहून नव्हे. आमच्यासारखी स्वयंपाकघरालगत खोली असेल तर फोडणीचा चिकटा लवकर बसतो, तेव्हा जाळी आधीच धुवा. बटण बंद करून जाळी काढणे, एवढेच आपले काम. बाहेरच्या पेटीचे झाकण काढू नका. वीज बंद केली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये ती साठून राहते.

आणि आता जे सांगते ते मला अजून आठवले की धस्स होते. श्रावणातली दुपार, सासूबाई आत निजलेल्या. हिरवा दिवा छान लागलेला, गार हवाही येत होती. मला मात्र प्लास्टिक जळाल्याचा वास आला. पाहते तो भिंतीतला प्लग तव्यासारखा तापलेला, सॉकेट काळवंडलेले. हात न लावता मेन स्विच बंद केला आणि सासूबाईंना ओसरीवर आणले. आतली तार सैल झाली होती. यंत्राच्या दिव्याला भिंतीतले काय दिसणार? आता एसीला स्वतंत्र तार आणि सोळा अँपियरचे नवे सॉकेट आहे. वीज बंद केल्यावर प्लगवर हात ठेवून पाहायचे, हे मी दर शनिवारी करते.

सासूबाई हल्ली दुपारी निजण्याआधी दिव्याकडे बोट दाखवून विचारतात, "आज डोळा मारतोय का गं?" मी नाही म्हटले की कूस बदलतात.