साखरेच्या रोगाचा औषधखर्च कसा भागवावा?

(व्याख्यान)



साखरेचा रोग हा गादीवर बसून खाणाऱ्या शेटजींचा, असे आपण पुष्कळ दिवस समजत आलो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तीत देशातील दहा कोटींवर लोकांस हा रोग असल्याचे दिसले. इतके शेटजी या देशात नाहीत!

रोग जन्माचा, म्हणून औषधही जन्माचे. आणि आपल्या घरी पैसा येतो तो सुगीला. मग काय होते ते तुम्ही जाणताच. दोन वेळची गोळी एक वेळ होते. घरधनीण आपली गोळी बंद करून धन्याची चालू ठेवते. कोणी आठवड्याच्या बाजारी चारच दिवसांच्या गोळ्या आणतो व बाकीचे दिवस कारल्याच्या रसावर काढतो. कोणी म्हणतो, अंगाला काही जाणवत नाही, मग गोळी कशाला? बाबांनो, जाणवत नाही हीच तर या रोगाची खोड आहे. तो आधी पायाची जाणीवच नेतो. बाभळीचा काटा मोडला तरी कळत नाही, जखम चिघळते, आणि पाय कापण्यापर्यंत पाळी येते. नांगर धरणाऱ्याचा पाय किंवा शिंप्याचे डोळे गेले, म्हणजे त्या घरात राहिले काय? गोळ्या वाचवून साठवलेला पैसा त्या दिवशी सावकाराच्या व्याजालाही पुरत नाही.

तेव्हा काटकसर करावयाची ती मात्रेत करू नये, भावात करावी. गोळ्यांच्या पाकिटावर दोन नावे असतात. एक कंपनीने ठेवलेले, दुसरे खुद्द औषधाचे. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड ही औषधांची नावे. तेच औषध निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या भावाने विकतात. जनऔषधी केंद्रात ते मूळ नावाने व पुष्कळ स्वस्त मिळते. डॉक्टरांनी मूळ नाव वाचता येईल अशा अक्षरात लिहावे, असा नियम २०१६ सालीच झाला. मग "डॉक्टरसाहेब, मूळ नाव लिहा" असे म्हणण्यास भीड कसली? चिठ्ठी म्हणजे काही मंत्र नव्हे, की आपल्याला कळली तर बाटेल!

नवी औषधे महाग असतात, पण मक्ता कायमचा नसतो. एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट मार्च २०२५ मध्ये संपले, आणि एक गोळी सुमारे साठ रुपयांस पडत होती तिच्या जागी दहा रुपयांच्या आसपासच्या गोळ्या बाजारात आल्या. म्हणून जुनी चिठ्ठी वर्षानुवर्षे तशीच चालवू नये. स्वस्त काही आले काय, हे डॉक्टरांस पुन्हा विचारावे.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले. औषध संपले, असे उत्तर कोठे कोठे मिळते, हेही खरे. एकट्याला असे उत्तर देणे सोपे असते. ग्रामसभेत सर्वांनी मिळून विचारावे.

इन्सुलिन टोचणाऱ्यांनी आपल्या मनाने एक दिवसही खाडा करू नये. पेनापेक्षा बाटलीतले साधे इन्सुलिन स्वस्त पडते. डॉक्टरांस विचारून बदल करावा. मात्र ४० च्या बाटलीला ४० चीच सुई घ्यावी, १०० ची घेतल्यास मात्रा चुकते. बाटली उन्हात किंवा पत्र्याखाली तापली तर पैसे पाण्यात गेले. घरी फ्रीज नसेल तर ती बंद डबीत घालून मातीच्या ओल्या मडक्यात, सावलीत ठेवावी. मडके आपल्या कुंभारदादांकडूनच घ्यावे. दहा कोटींत त्यांच्याही घरचे कोणी असेल.