मागावी न लागणारी मदत



पाय गमावलेल्या माणसाला पुन्हा उभे करण्याची विद्या आपल्या देशाला नवीन नाही. १९६८च्या सुमारास जयपूर येथे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडविलेल्या अल्पमोली कृत्रिम पायाने असंख्य निराधार चालू लागले. परंतु ज्याचे हात, पाय आणि वाणी एकाच वेळी हिरावली गेली, त्याने काय करावे?

अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचे हेन्री इव्हान्स यांच्यावर २००२ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, हाच प्रसंग ओढवला. पक्षाघाताने देह निश्चल झाला; बुद्धी मात्र शाबूत राहिली. पत्नी जेन यांनी अहोरात्र सेवा केली; तथापि गालाला खाज सुटली तरी इव्हान्स यांना दुसऱ्याला खुणवावे लागे.

२०१० साली प्राध्यापक चार्ली केम्प यांचा यंत्रमानव दूरचित्रवाणीवर पाहून इव्हान्स यांनी त्यांच्याशी संपर्क साधला. पुढे 'पीआर-२' हा दोन हातांचा यंत्रमानव त्यांना वापरावयास मिळाला. मानेच्या किंचित हालचालीने संगणकाच्या पडद्यावरील खूण सरकवीत, यंत्राच्या हाताने त्यांनी कित्येक वर्षांनी स्वतःचा चेहरा खाजवला, दाढीही केली. परंतु त्याची किंमत ४ लाख डॉलर आणि वजन २०० किलोंहून अधिक! सामान्य घरात तो सामावणार कसा?

केम्प आणि ॲरन एडसिंगर यांच्या 'हॅलो रोबॉट' कंपनीने २०२० साली 'स्ट्रेच' हे यंत्र आणले. अत्यावश्यक तेवढेच त्यात ठेवले आहे: चाकांची लहान बैठक, एक उभा खांब आणि त्यावर वरखाली सरकणारा, हवा तेवढा लांबणारा एकच हात. वजन सुमारे २५ किलो. २०२३ साली इव्हान्स यांनी आपल्या घरी त्याच्या साहाय्याने पांघरूण स्वतः ओढून घेतले आणि नातीबरोबर खेळले.

२०२४ साली आलेल्या 'स्ट्रेच ३'ची किंमत २४,९५० डॉलर, म्हणजे सुमारे २० लाख रुपये होती. 'पीआर-२'च्या सोळाव्या हिश्शावर ती आली, तरी सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरच आहे.

सेवा करणाऱ्याचे मन कितीही निर्मळ असो, प्रत्येक लहानसहान गोष्ट मागावी लागणे हे परावलंबी माणसाचे मोठे दुःख असते. जयपूरच्या पायामागे गरीब रुग्णाचा विचार होता, म्हणून तो स्वस्त झाला. यंत्रमानव घडविताना अभियंत्यांनी तोच विचार करावा आणि दानशूरांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आपले पांघरूण आपण ओढता यावे, एवढे स्वातंत्र्य केवळ श्रीमंतांपुरते राहू नये.