बोट कोणाच्या नावावर?

(वसई तालुक्यातील मच्छिमार बायकांच्या मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला सांगितलं होतं की कायद्यावर बोल. पण मी वकील नाही. मी अर्नाळ्याच्या कोळ्याची मुलगी. कायदा मी शिकले तो माझा हक्क हातातून गेल्यावर. म्हणून आधी घरातली गोष्ट सांगते.

माझ्या बाबांची बोट होती. लाकडी, सहा सिलिंडरच्या इंजिनाची. तिच्या नाळेवर माझं नाव रंगवलेलं होतं. आपल्याकडे हे असतंच. अर्नाळ्यात आई एकवीरा असते, पाचूबंदर-किल्लाबंदरला संतांची नावं असतात, आणि दोन्हीकडे लेकींची नावं असतात. नारळी पौर्णिमेला बोटीची पूजा व्हायची तेव्हा बाबा मला उचलून नाळेशी उभं करायचे. मला वाटायचं बोट माझीच.

बाबा शेवटी शेवटी खोकल्यानं अंथरुणाला खिळले. तेव्हा रोज एकच सांगायचे. "माझे मागं बोट इकायची नाय. आन माझी राख याच बोटीतून न्या, किल्ल्याच्या पलीकडं सोडा. खाडीत नको, खाडीत घाण हाय." येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी हे ऐकलं. तांडेलानं ऐकलं, खलाशांनी ऐकलं. कागदावर कुणी लिहिलं नाही. मरणाऱ्या माणसासमोर कागद काढायचा म्हणजे अभद्र, असं आम्हाला वाटलं.

राखेचं त्यांच्या मनासारखं झालं. दोघे भाऊ, चुलते, खलाशी बोटीत चढले आणि गेले. आई आणि मी किनाऱ्यावर चिखलात उभ्या. बाईनं बोटीत चढायचं नसतं, आणि अस्थी घेऊन तर नाहीच. ही बोट आईनं घडवली होती, हे त्या वेळी कुणाच्या मनातही आलं नाही. इंजिन घेताना आईच्या पाटल्या गेल्या. पुढे कर्जाचा हप्ता फिटला तो तिच्या टोपलीतून. पहाटे विरार लोकलच्या लगेज डब्यात बसून ती मुंबईला मासळी विकायला जायची. पावसाळ्यात बंदीचे दोन महिने बोट वर ओढलेली असायची, पण तिची टोपली सुकटीवर चालूच. बाबा समुद्रावर जायचे हे खरं. पण मासळीचा पैसा व्हायचा तो आईच्या हातात.

वर्षश्राद्धानंतर भावानं एक कागद आणला. "बोट माझ्या नावावर करायची, नाहीतर परवाना होत नाही, डिझेल मिळत नाही. तुझी सही पाहिजे. ना हरकत." मी सासरी होते, तान्हं मूल मांडीवर. सही केली. आईनं अंगठा दिला. त्यानंतर दोन वर्षांत बोट विकली. घेणाऱ्यानं नाव पुसलं आणि दुसरं घातलं. बाबांची राख ज्या बोटीनं नेली, ती बोट मी नंतर ओळखू शकले नाही.

भावाला मी चोर म्हणत नाही. त्याच्यावर कर्ज होतं. आणि परवान्याचं त्यानं सांगितलं तेही खरंच होतं. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. त्याखाली परवाना मालकाच्या नावावर असतो. मालक गेला की नाव बदलून घ्यावंच लागतं, तेव्हाच डिझेलवरच्या कराचा परतावा सुरळीत चालतो. घाई असतेच. त्या घाईतच बाईची सही घेतली जाते. पण नाव बदलताना आईचं आणि माझंही घालता आलं असतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

आता कायदा. बोट ही जंगम मालमत्ता, घरादारासारखी स्थावर नव्हे. तिचा वाटा कसा पडणार हे आपल्या आपल्या धर्माच्या वारसा कायद्यावर ठरतं. हिंदू कोळ्यानं इच्छापत्र केलं नसेल, तर १९५६ च्या कायद्यानं त्यानं स्वतः कमावलेल्या बोटीत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई, सगळ्यांना सारखा वाटा. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना हक्क महाराष्ट्रात १९९४ ला मिळाला आणि देशभर २००५ ला. पण बाबांनी स्वतः बांधलेल्या बोटीसाठी तेवढं थांबायचीही गरज नव्हती. आमच्या घरात चार वाटे होते. आईचा एक, माझा एक. अर्धी बोट आमची होती, आणि आम्ही ती एका सहीनं आणि एका अंगठ्यानं दिली.

पाचूबंदरच्या माझ्या मैत्रिणीचं वेगळं. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. नवरा इच्छापत्राशिवाय गेला आणि मुलं असली, तर एक तृतीयांश विधवेचा. उरलेल्या दोन तृतीयांशात मुलगा-मुलगी सारखे. लग्न झालेली मुलगीही. पण नवऱ्याच्या आईला यात काही नाही. म्हणजे अर्नाळ्याच्या सासूला वाटा आहे, पाचूबंदरच्या सासूला नाही. एकाच समुद्रावर दोन हिशेब.

आणखी एक गंमत याच कायद्यात आहे. समुद्रावर असलेल्या 'मरिनर'ला, म्हणजे दर्यावर्दीला, तोंडी इच्छापत्र करता येतं. एकाच वेळी हजर असलेल्या दोन साक्षीदारांसमोर बोलला तरी चालतं. लढाईवरच्या सैनिकाला जी सवलत, तीच ही. मी वाचलं तेव्हा हसू आलं. बाबा खाटेवर बोलले म्हणून वाया गेलं, समुद्रावर बोलले असते तर! पण नाही. ही कलमं हिंदूंना लागूच नाहीत. आणि ख्रिस्ती नाखवा तसं बोलून सुखरूप परत आला, तर ती सवलत संपल्यापासून महिन्याभरात ते इच्छापत्र बाद. मासेमारी करणारा या शब्दात बसतो की नाही, यावरही कोर्टात वाद होऊ शकतो. तेव्हा त्या भरवशावर कुणी राहू नका.

लेखी इच्छापत्राला स्टँपपेपर लागत नाही. नोंदणी केली तर बरं, सक्ती नाही. सही किंवा अंगठा, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. ख्रिस्ती कुटुंबात तर अशा साक्षीदाराचा, किंवा त्याच्या बायकोचा, वाटा रद्द होतो. पण एक लक्षात ठेवा. इच्छापत्रानं बायकोला देता येतं, तसं सगळं मुलांना देऊन बायकोला वगळताही येतं. म्हणून मी म्हणते, इच्छापत्राच्या आधी बोट घेतानाच दोघांचं नाव लावा. सोनं तुमचं मोडतंय, तर नाव का नको? आणि सोसायटीत नॉमिनी म्हणून मुलाचं नाव आहे म्हणून गप्प बसू नका. नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा. मालक वारसच. सर्वोच्च न्यायालयानं १९८३ साली विम्याच्या एका खटल्यात हे सांगून ठेवलं आहे.

आता राखेचं. कुणी म्हणेल, मेल्यावर काय फरक पडतो? पडतो. बाबांनी दुसरं काही मागितलंच नव्हतं. माणसाचं शरीर ही मालमत्ता नसते. इच्छापत्रात लिहिलं तरी ती घरच्यांना केलेली विनंती. पाळायची की नाही हे घरचे ठरवतात, आणि घरचे म्हणजे पुरुष. ख्रिस्ती नाखव्यानं असं मागितलं तर आणखी एक अडचण. चर्चनं १९६३ पासून दहनाला मुभा दिली, पण २०१६ मध्ये रोमहून सूचना आली की राख समुद्रात सोडू नये, पवित्र जागीच ठेवावी. माझी मैत्रीण म्हणाली, "आमच्या बाबांना दफनभूमीतच झोपवलं. पण पेटीत बोटीचा दोर ठेवला. तो मीच ठेवला, कुणाला विचारलं नाही."

ज्यांना राखही मिळत नाही त्यांचं काय सांगू? नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळात कोकणातले किती जण गेले ते परत आले नाहीत. देह नसला की हिंदूंत पालाशविधी करतात, पानांचा देह करून त्याला अग्नी. चर्चमध्ये देहाशिवाय मिस्सा होते. पण सरकारला देह हवा. तो नसला आणि दुसरा पुरावा नसला, तर कायदा माणूस मेला असं धरतो ते सात वर्षं त्याची काही खबर नसल्यावर. पुरावा कायदा बदलला, १ जुलै २०२४ पासून नवा आला, सात वर्षं तीच राहिली. तोवर ती बाई विधवाही नाही आणि सवाशीणही नाही. बांगड्या ठेवायच्या की फोडायच्या हे शेजारणी ठरवतात. परवाना, कर्ज, खातं, सगळं अडकलेलं. म्हणून बोट हरवली की पहिल्याच दिवशी पोलिसांत आणि मत्स्यव्यवसाय खात्यात लेखी कळवा, आणि पोच घ्या. बोटीवर कोण कोण होतं त्यांची नावं त्यात घाला. सात वर्षं माणसाची शेवटची खबर मिळाली तेव्हापासून मोजायची असतात.

एका पुस्तकात मी वाचलं की नॉर्वेत ओसेबर्ग नावाच्या शेतावर १९०४ साली एक आख्खं जहाज जमिनीतून काढलं. हजार-बाराशे वर्षांपूर्वी कुणाला तरी जहाजासकट पुरलं होतं. आत सांगाडे निघाले ते दोन बायकांचे. मी आईला हे सांगितलं. ती बोंबील उलटत होती. म्हणाली, "त्यांच्या नावावर असंल ते."

आई गेली त्याला आता चार वर्षं झाली. तिची राख आम्ही भाड्याच्या होडीतून किल्ल्याच्या पलीकडे नेली. मी होडीत होते. तांडेल म्हणाला, बायका नको. मी म्हटलं, भाडं मी दिलंय.

आज इथं ज्यांच्या घरी बोट आहे त्यांनी परवान्याची आणि नोंदणीच्या दाखल्याची झेरॉक्स आणली असेल तर जेवणानंतर त्या कोपऱ्यात या. नाव कोणाचं आहे ते आपण एकेक करून वाचू. वकीलबाई चारपर्यंत थांबणार आहेत.